ट्रेमध्ये उरलेली जागा

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून सातपूरकडे जाताना गतिरोधक ओलांडला की बॉनेटखालून एक आवाज यायचा. खडखड नव्हे, करकर नव्हे. एकच जाड, आतल्या आत दबलेला 'ठप्'. पुढची चाके उतरली की एकदा, आणि मागची उतरली की पुन्हा एकदा, जरा हलका. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार चालवणाऱ्याला आवाजांचे वावडे नसते. दाराच्या काचेचा, सायलेन्सरच्या कड्याचा, स्टीअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याचा आवाज त्याच्या कानात इतका मुरलेला असतो की त्यातला एखादा बंद झाला तरच तो दचकतो. हा आवाज मात्र आमच्या घरातला नव्हता. नवी बॅटरी बसवल्यानंतर काही दिवसांनी तो सुरू झाला, त्यामुळे संशयित शोधायला फार लांब जावे लागले नाही. बॉनेट उघडून पाहिले, तर बॅटरी शांतपणे आपल्या जागी बसलेली. एका हाताने ढकलली, हलली नाही. मग दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढली, तेव्हा ती बोटभर सरकली, खालच्या पत्र्याच्या ट्रेच्या कडेवर आपटली, आणि तोच 'ठप्' ऐकू आला.

बॅटरी जानेवारीत बदलली होती. निफाडच्या बाजूला पारा एक आकडी होतो आणि द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत जुनी बॅटरी हटकून दगा देते. थंडीत ॲसिडमधली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले ऑइल घट्ट होते, म्हणजे सेल्फला, इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, ताकद जास्त लागते आणि ती देणारीच नेमकी अशक्त झालेली असते. जवळच्या दुकानातून मुलगा आला, त्याने जुनी बॅटरी उचलून बाहेर ठेवली आणि तिच्या जागी एक आटोपशीर, काळी, झाकण न उघडणारी बॅटरी ठेवली. चारी बाजूंनी जागा उरली होती. त्याने सोबत आणलेल्या खोक्याच्या फळीचे दोन तुकडे त्या जागेत ठोकले, जुनी लोखंडी फ्रेम तिरकी करून वर ठेवली, एका बाजूचा नट आवळला आणि दुसरी बाजू बांधकामाच्या तारेने पिळून टाकली. "साहेब, लाकूड ठोकलंय, आता कुठं जात नाही," असे म्हणून त्याने हात झटकले. त्या दिवशी ती खरोखरच कुठे जात नव्हती. पण खोक्याची फळी ही मुळात ओलसर, कच्च्या लाकडाची असते. इंजिनाच्या उबेने ती सुकत गेली, आकसली, आणि फाल्गुनात तिने आपली पकड सोडली.

बॅटरी लहान असण्याला माझी हरकत नव्हती. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. तिला ना पॉवर विंडो, ना संगणक, ना गाडी बंद असतानाही वीज पिणारे काही. सेल्फला काही सेकंद जोरदार प्रवाह मिळाला की तिचे काम संपते. पुढचे, इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर बघतो. आजची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी हे काम सहज करते. माझ्या नव्या बॅटरीवर '३८बी२०एल' असे छापले आहे. दुकानात अनेकजण त्यातले ३८ म्हणजे अँपिअर-तास समजतात. प्रत्यक्षात ती ताकदीची श्रेणी असते. खरी माहिती पुढे आहे. 'बी' हे अक्षर रुंदीचा आणि उंचीचा वर्ग सांगते, २० म्हणजे साधारण २० सेंटीमीटर लांबी, आणि शेवटचे 'एल' टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगते. या जपानी पद्धतीत 'बी' वर्गाची रुंदी १२९ मिलिमीटर असते आणि 'डी' वर्गाची १७३. माझ्या गाडीचा ट्रे मोजला, तेव्हा तो २६० मिलिमीटर लांबीच्या 'डी' वर्गातल्या बॅटरीच्या मापाचा निघाला. नवी भरली १९७ मिलिमीटर. म्हणजे लांबीत ६३ मिलिमीटर आणि रुंदीत ४४ मिलिमीटर जागा मोकळी. गंमत अशी की उंची जवळजवळ सारखीच आहे, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. थोरल्या भावाचा शर्ट घातलेल्या मुलासारखी ती खांद्यापाशी ठीक दिसते आणि बाकी सगळीकडे लोंबते.

आमच्या वडिलांच्या काळात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. बॅटरी कधी बदललीच तर तेवढ्याच मापाची मिळायची. ती जड, काळ्या कडक रबराच्या खोक्यातली असे, वर डांबरासारखा लेप आणि त्यातून डोकावणारी सहा बुचे. रविवारी सकाळी वडील ती बुचे एकेक करून उघडायचे, आत डोकावून प्लेटा पाण्याखाली आहेत ना ते पाहायचे आणि काचेच्या बाटलीतून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. मला बाटली धरायचे काम असे. आतून येणारा तो आंबूस, नाकात झोंबणारा वास आणि टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशी, तिच्यावर कढत पाणी ओतल्यावर उठणारा फेस, हे सगळे मला अजून स्पष्ट आठवते. आईचा या कामावर राग होता आणि तो रास्त होता. ॲसिडचा थेंब सदऱ्यावर पडला, तर त्या दिवशी काहीच दिसत नसे. धुऊन वाळत घातल्यावर त्या जागी भोक पडलेले सापडे. "यांचे सदरे मोलकरणीने नाही, मोटारीने फाडले," असे ती पाहुण्यांना सांगायची. वडील बॅटरी परत ठेवून फ्रेमचे दोन्ही नट आवळायचे आणि मग एक गोष्ट न चुकता करायचे: बॅटरी दोन्ही हातांनी धरून अशी हलवायचे की सगळी गाडी स्प्रिंगांवर डुलली पाहिजे. बॅटरी हलवली आणि गाडी हलली नाही, तर काम झाले नाही, एवढाच त्यांचा निकष. मोजमापाच्या कोणत्याही उपकरणापेक्षा तो मला आजही अधिक खात्रीचा वाटतो.

बॅटरी सुटी राहिली तर नेमके काय बिघडते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ती थोडी सरकली तर सरकली, इंजिन सुरू होते ना, असे आपले चालते. पण गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांचा जो संसार मांडून दिला, त्यातली मूळ रासायनिक क्रिया अजून तीच आहे. आत शिशाच्या जाळ्या, त्या जाळ्यांवर लिंपलेला लगदा, आणि लगद्याचे काम जाळीला चिकटून राहणे. प्रत्येक धक्क्याबरोबर त्यातला कण न् कण सैल होतो. गळलेला लगदा तळाशी साचतो किंवा प्लेटांच्या मध्ये अडकतो, आणि पुरेसा साचला की शेजारच्या प्लेटा आतल्या आत जोडल्या जाऊन एक कप्पा मरतो. सहा कप्प्यांपैकी एक गेला, की पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टऐवजी साडेदहाच्या आसपास दाखवू लागते, आणि मग दुकानदार म्हणतो, कंपनीचा माल हल्ली तसाच येतो. अनेकदा माल चांगला असतो, त्याला बसायला दिलेली जागा वाईट असते. खड्ड्यातला धक्का गुरुत्वाच्या पाचपट धरला, तर दहा किलोची बॅटरी त्या क्षणापुरती पन्नास किलोच्या वजनाने ट्रेवर आदळते. सिंहस्थाच्या तयारीत खणलेले आमच्या शहरातले रस्ते पाहता पाचपट हा आकडा अतिशयोक्त वाटू नये.

याहून वाईट शक्यता वेगळी आहे, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही ती तिच्यामुळे. उंची सारखी, पाया अरुंद. म्हणजे नवी बॅटरी जुन्यापेक्षा कलंडायला सोपी. ती कलंडली आणि पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला किंवा तिरक्या ठेवलेल्या त्या लोखंडी फ्रेमला लागला, तर मध्ये ना फ्यूज, ना स्विच. बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह धावतो. पाना असो वा फ्रेम, धातू लाल होतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हे शाळेत शिकलेलेच आहे. पेट्रोलची नळी तिथून फार दूर नसते. बॉनेट उघडून तो तारेचा पीळ पुन्हा पाहिला, तेव्हा तो टर्मिनलपासून जेमतेम दोन बोटांवर होता. तार त्याच रात्री कापून टाकली आणि गाडी दारातच उभी ठेवली.

मग उपायांचा शोध सुरू झाला, आणि सल्ल्यांना तर तोटा नसतो. एकाने नायलॉनचा पट्टा सुचवला. तो उन्हाळ्यात सैलावतो आणि ॲसिडच्या वाफेने झिजतो. दुसऱ्याने थर्माकोल सुचवला, त्याविषयी न बोललेलेच बरे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबणे हा लोकप्रिय इलाज आहे आणि रबर ॲसिडला दाद देत नाही हे खरे, पण कोंबलेले रबर स्वतःच उसळते, आणि धक्का तसाच राहून त्याला फक्त लय येते. एका तरुण नातेवाइकाने लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्यायचा आग्रह धरला: "काका, अर्ध्याहून कमी वजन, हातात घेऊन फिरा." वजनाचे त्याचे म्हणणे बरोबर होते. परंतु त्या बॅटरीला तिच्या स्वभावाला साजेसे, नेमके नियंत्रित चार्जिंग लागते, बॉनेटखालचा उकाडा तिला मानवत नाही, आणि जागेचा प्रश्न तर तिने आणखी वाढवलाच असता, कारण ती त्याहूनही लहान असते.

बॅटरी डिकीत नेण्याचा विचार मात्र मी गांभीर्याने केला. नाशिकला रॅलीची हौस जुनी आहे, आणि त्या गाड्यांच्या जगात बॅटरी हलवणे ही नेहमीची बाब असते. त्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाचे नियम वाचनात आले आणि एका कलमाने मला खिळवून ठेवले. बॅटरी मूळ जागेवरून हलवली, तर ती धातूच्या बैठकीवर, दोन धातूच्या क्लॅम्पांनी बांधली पाहिजे, त्या क्लॅम्पांवर विद्युतरोधक आवरण हवे, बोल्ट किमान १० मिलिमीटर व्यासाचे हवेत, आणि प्रत्येक बोल्टखाली गाडीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूने किमान ३ मिलिमीटर जाडीची, २० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची आधारपट्टी हवी. शर्यतीत गाडी उलटली तरी बॅटरी जागची हलू नये, हा त्यामागचा हिशेब. मला शर्यतीला जायचे नव्हते. पण पातळ पत्र्याला भोक पाडून त्यात बोल्ट आवळला, तर भार त्या भोकाच्या कडेवर येतो आणि पत्रा फाटतो, म्हणून भार पसरवायला मागून पट्टी लागते, हे त्या कलमातून इतके लख्ख कळले की पुढच्या सगळ्या विचाराला दिशा मिळाली. डिकीचा बेत मात्र सोडला. लांब जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज, वायू बाहेर सोडायची नळी, आणि या सगळ्यासाठी वडिलांच्या गाडीला भोके, मन घेईना.

भोक पाडायचे नाही, ही अट त्या संध्याकाळी ठरली. तिच्यामागे तर्क किती आणि भावना किती, हे मला नीट सांगता येणार नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईत टॅक्स्या धावत होत्या तोवर सुटे भाग तिथून यायचे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्यांतली शेवटचीही रस्त्यावरून उतरली, आणि आता एखादा ट्रे गंजला तर दुसरा मिळेलच याची खात्री नाही. उद्या कोणाला या गाडीत पुन्हा मोठी बॅटरी ठेवावीशी वाटली, तर माझी जोडणी चार नट सोडून बाहेर निघाली पाहिजे आणि खाली कुर्ल्याच्या कारखान्यातून आला तसाच ट्रे उरला पाहिजे. पण मूळ रूप जपायचे म्हणून जुन्या मापाची बॅटरी हुडकत बसणारे जे शौकीन आहेत, त्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. बॅटरी ही संपणारी वस्तू आहे. टायर जसे बदलतात तशी ती बदलते. ती बसते ती जागा मात्र गाडीची असते.

ट्रे आधी पाहावा म्हणून बाहेर काढला. लाकडाच्या तुकड्यांखाली काय होते ते सांगायला हवे. जुन्या बॅटरीने वर्षानुवर्षे गाळलेले ॲसिड तिथे मुरलेले होते आणि त्या ओलीने फळीची खालची बाजू काळी, कोळशासारखी ठिसूळ झाली होती. पत्र्याला पोपडे धरले होते. पाण्यात खायचा सोडा कालवून तो ओतला, तेव्हा सगळा ट्रे फसफसून उठला, आणि फेस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतत राहिलो; ॲसिड संपले की फेस थांबतो, वेगळी परीक्षा लागत नाही. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग. रंग वाळत होता तेवढ्यात पुठ्ठ्याची एक खोटी बॅटरी तयार केली: १९७ बाय १२९, उंची २०३, आणि वर टर्मिनलच्या जागी दोन बाटल्यांची बुचे चिकटवलेली. ही कल्पना अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांची. फोनवर मापे सांगू लागलो तर म्हणाले, "मापं नका सांगू, वस्तू आणा. बॅटरी नको, जड पडते, ॲसिड सांडतं. खोकं करून आणा." त्यांच्या शेडमध्ये एका बाजूला लेझर कटिंगचे यंत्र चालू होते, दुसरीकडे पावडर कोटिंगच्या भट्टीची धग, आणि मध्ये स्टुलावर माझा ट्रे व त्यात ती पुठ्ठ्याची बॅटरी. दादांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली, खडूने ट्रेवर दोन रेघा मारल्या आणि विचारले, "हिला धरायचंय की दाबायचंय?"

प्रश्न साधा वाटला तरी सगळे काम त्यातच होते. जुनी फ्रेम बॅटरीला वरून दाबत असे. बाजूंनी धरण्याचे काम ट्रेच्या कडा करत असत. नवी लहान असल्याने कडांचे काम बुडाले होते, आणि दुकानातल्या मुलाने ते लाकडावर सोपवले होते. दादांचे म्हणणे असे की खालून धरा आणि वरून फक्त जागेवर ठेवण्यापुरते दाबा, कारण प्लास्टिकचे खोके फार दाबले तर फुगते आणि सांध्यात चिरते. त्यांनी २५ बाय २५च्या, ३ मिलिमीटर जाडीच्या अँगलची एक उथळ चौकट केली, बॅटरीच्या पायापेक्षा सगळीकडून दोन मिलिमीटर सैल. त्या चौकटीला लांबीच्या दोन्ही टोकांना जिभेसारख्या पट्ट्या जोडल्या. त्या ट्रेच्या मूळ कडांना जाऊन भिडतात, आणि गाडीचे जुने आकड्याचे बोल्ट जिथे अडकत होते तिथेच, त्याच खाचांत, नवे बोल्ट अडकतात. भार पट्टीवर पसरतो, भोक एकही नाही. वर एक आडवी पट्टी, तिच्यावर रबरी नळी चढवलेली, म्हणजे चुकून टर्मिनलला लागली तरी ठिणगी नाही. वेल्डिंगचा निळा उजेड थांबल्यावर त्यांनी चौकट चिमट्याने उचलून पाण्यात बुडवली नाही, तशीच थंड होऊ दिली. विचारले तर म्हणाले, घाई केली की वाकते.

आता रुंदीकडच्या रिकाम्या जागेत काय भरायचे, हा प्रश्न उरला होता. चौकट लांबीला बांधली गेली होती, पण रुंदीच्या बाजूने तिला ट्रेच्या भिंतीपर्यंत टेकू हवा होता. असा की तो आकसणार नाही, ॲसिड पिणार नाही आणि उसळणार नाही. उत्तर भांडी बाजारात मिळाले. तांब्या-पितळेच्या घागरींच्या आणि समयांच्या राशी ओलांडून एका दुकानात आत गेले की स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या वस्तू असतात. तिथे भाजी चिरायचे जाड पांढरे बोर्ड मिळतात, ते पॉलिथिलीनचे असतात, आणि ज्या जातीच्या प्लास्टिकात ॲसिडचे कॅन येतात त्याच जातीचे. मी एकेक बोर्ड उचलून त्याची जाडी व्हर्निअरने मोजू लागलो, तेव्हा दुकानातल्या काकू गल्ल्यावरून उठून आल्या. "हा घ्या, ह्याच्यावर कलिंगड पण चिरता येतं." मी म्हणालो, मला करवतीने त्याच्या पट्ट्या कापायच्या आहेत. त्यांनी माझ्याकडे आणि मग व्हर्निअरकडे पाहिले, आणि जास्त काही न विचारता दहा रुपये कमी केले. बोर्ड कापताना त्याचा भुसा लाकडासारखा उडत नाही, सुतासारखा लोंबतो आणि अंगाला चिकटतो. त्याच्या पट्ट्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना सरकवल्या, तेव्हा शेवटची पट्टी हातोडीच्या लाकडी मुठीने दोन टिचक्या मारून आत बसली. त्या टिचक्यांचा जो ठोस, पोकळी नसलेला आवाज आला, तो ऐकून मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

एक काम मात्र कोणीच सांगितले नव्हते. लहान जपानी मापाच्या बॅटरींचे टर्मिनल बारीक असतात. जुन्या गाड्यांच्या केबलची टोके जाड टर्मिनलसाठी केलेली. दुकानातल्या मुलाने पॉझिटिव्हच्या टोकात पत्र्याची घडी कोंबून ते आवळले होते. हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. कोणी खिळा ठोकतो, कोणी स्क्रू. शिशात रुतलेल्या लोखंडाच्या दोनतीन बिंदूंतून सेल्फचा सगळा प्रवाह जातो, ती जागा तापते, गंजते आणि एके दिवशी भर चौकात गाडी बंद पडते. त्यावरचा इलाज म्हणजे शिशाच्या टोप्या. त्या बारीक टर्मिनलवर चढवल्या की तो जाड होतो. द्वारकेच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने काचेच्या बरणीतून मूठभर टोप्या काढून काउंटरवर ओतल्या. पॉझिटिव्हची टोपी निगेटिव्हपेक्षा मोठ्या व्यासाची असते, कारण पॉझिटिव्ह टर्मिनलच मुळात जाड असतो. केबल उलटी लागू नये म्हणून केलेली ही जुनी सोय. जोडी बघून घेतली.

जोडणीच्या दिवशी मुलगी शेजारी उभी होती. ट्रेच्या तळाशी रबराची चटई, तिच्यावर चौकट, चौकटीत बॅटरी. निगेटिव्ह केबल आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची, हे तिला सांगितले तेव्हा तिने कारण विचारले. पॉझिटिव्ह आवळताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर पान्यातूनच शॉर्ट होतो; ती सुटी असली तर पाना कुठेही लागू दे, वर्तुळ पुरे होत नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "बाबा, मग हे दुकानवाल्या दादाला कोणी सांगितलं नव्हतं का?" मला त्या मुलाचा राग येत नाही. दिवसभरात किती गाड्या, प्रत्येकीच्या मालकाला घाई, आणि बांधणीचे वेगळे पैसे कोणी देत नाही. बॅटरीची किंमत सगळे विचारतात, क्लॅम्पची कोणी विचारत नाही. दुकानात तो ठेवलेलाच नसतो. तरीही तारेचा तो पीळ आठवला की अंगावर शहारा येतो, आणि या दोन्ही भावना एकत्र नांदतात.

वरची पट्टी नायलॉनच्या अस्तराच्या नटांनी आवळली. हे नट कंपनाने सैल होत नाहीत. बॉनेटच्या खालच्या पत्र्याला टर्मिनलच्या बरोबर वर रबराचा चौकोन चिकटवला. मग बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि वडिलांसारखी हलवली. गाडी डुलली. मुलीलाही करायला सांगितले. तिच्या जोराने गाडी थोडीशीच डुलली, पण बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये काही हलले नाही. इंजिन सुरू केल्यावर टर्मिनलवर मीटर लावला, तर १४ व्होल्टच्या जरा वर आकडा स्थिरावला. दिसायला ही जोडणी मूळ गाडीसारखी मुळीच नाही. काळ्या पावडर कोटिंगच्या चौकटीतून पांढऱ्या पॉलिथिलीनच्या कडा डोकावतात, आणि एखाद्या जाणकाराने बॉनेट उघडले तर त्याची नजर आधी तिथेच जाईल. आधी मनात आले, पट्ट्या काळ्या रंगवाव्यात. मग तशाच ठेवल्या. पांढऱ्यावर ॲसिडचा थेंब किंवा गंजाचा ओघळ लगेच दिसतो.

वणीच्या रस्त्याने नांदुरीचा घाट चढून-उतरून आल्यावर नट पुन्हा तपासले, तर पाव आटा घेतला. खालची रबरी चटई बॅटरीच्या वजनाने दबली होती, आणि नवे रबर तसे दबणारच. त्यानंतर मात्र ते हलले नाहीत. या घाटात आमच्या मागे एक परिचित आपली जुनी जीप घेऊन होता. वर पोहोचल्यावर त्याने माझे बॉनेट उघडायला लावले, बराच वेळ पाहत राहिला, आणि मापे मागू लागला. त्याची बॅटरीही लहान, तीही दोरीने बांधलेली, पण त्याचा ट्रे वेगळ्या आकाराचा आहे आणि त्याची एक कड खाऊन गेलेली आहे, म्हणजे आकडे अडकवायला माझ्यासारखी खाच त्याच्याकडे उरलेली नाही. माझी मापे त्याच्या काहीच कामाची नाहीत. पुठ्ठ्याची बॅटरी मात्र त्याला देऊन टाकली आहे. रविवारी तो ट्रे घेऊन येणार आहे; आधी सोडा, मग तारेचा ब्रश, आणि पोपड्यांखाली चांगला पत्रा किती शिल्लक आहे ते पाहूनच दादांकडे चौकट टाकायची की आधी ट्रेला नवी कड जोडून घ्यायची, ते ठरेल.